मोत्याची कोपरखळी

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या घरात दोन जीव लंगडत होते. एक माझ्या सासूबाई, वय वर्षे ७८. दुसरा मोत्या, वय महिने ७. पहाटे दोघेही एकाच सुमारास उठत. सासूबाई कॉटचा कठडा धरून "पांडुरंगा" म्हणत उभ्या राहात, आणि मोत्या त्याच कॉटखालून पुढचे पाय ताणीत, काही न म्हणता उभा राही. पहिली चार पावले दोघांचीही अवघडलेली पडत. पाचव्या-सहाव्या पावलाला सांधे मोकळे झाले की एकाची चाल स्वयंपाकघराकडे आणि दुसऱ्याची त्यांच्या मागोमाग सुरू होई. "तुझं नि माझं दुखणं एकच रे बाबा," असे सासूबाई त्याला म्हणत आणि आम्ही सगळे हसत असू.

त्या हसण्याची मला आता लाज वाटते. कारण घरात निदान बरोबर केले ते त्यांनीच, आणि आम्ही त्यानंतर दोन महिने वाया घालवले.

मोत्या हा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा. रंगाने काळा कुळकुळीत. चिरंजीवांनी त्याच्यासाठी इंग्रजी सिनेमातले एक भारदस्त नाव ठरवून ठेवले होते, पण सासूबाईंच्या जिभेवर ते बसेना. त्यांच्या माहेरच्या वाड्यातल्या प्रत्येक कुत्र्याचे नाव मोत्या असे, तेव्हा हाही मोत्या झाला. "अगं, मोती काळेही असतात," असे त्यांनी मला ऐकवले. मराठी शिकवणाऱ्या सुनेला शब्दार्थावरून गप्प बसवण्यात त्यांना विशेष आनंद वाटतो.

पिल्लू आणले ते ओळखीतल्या ओळखीत. पिल्लाची आई पाहिली, गोड वाटली, पैसे दिले, आणले. लग्न जमवताना मुलाच्या मामाच्या मेव्हण्यापर्यंत चौकशी करणारी माणसे आम्ही, पण या पिल्लाच्या आईबापांचे सांधे कसे आहेत, हा प्रश्न आमच्या स्वप्नातही आला नाही. काही देशांत पैदाशीच्या कुत्र्यांच्या कोपरांचे एक्स-रे काढून त्यांना ० ते ३ अशी श्रेणी देतात आणि ज्यांची कोपरे वाईट त्यांची वीण घेऊ नये असा दंडक पाळतात, हे मला पुढे समजले. पत्रिका म्हणायची ती हीच. आम्ही ती पाहिली नव्हती.

मोत्या लंगडू लागला तेव्हा प्रथम प्रत्येकाने आपापली उपपत्ती मांडली. चिरंजीव म्हणाले, चेंडूमागे धावताना मुरगळले असेल. आमचे हे म्हणाले, फरशी गुळगुळीत आहे. तळमजल्यावरच्या आजोबांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मोत्या वर येताना उड्या मारीत येई, पण उतरताना प्रत्येक पायरीवर थांबून विचार करी. बसला की पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला फाकवून बसे. आम्हांला वाटे, काय ऐटीत बसला आहे!

जवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर सज्जन गृहस्थ. त्यांनी मोत्याला टेबलावर चढवले, पाठ थोपटली आणि सांगितले, "वाढीचं दुखणं आहे. मोठ्या जातीत होतं असं." असे एक दुखणे खरोखरच असते, हेही येथे सांगितले पाहिजे; वाढत्या वयातल्या मोठ्या कुत्र्यांची लांब हाडे काही काळ दुखतात आणि आपोआप थांबतात. पण ते आहे की दुसरे काही, हे पाहण्यासाठी पाय हातात घेऊन सांधा वाकवावा लागतो, आणि तो त्या दिवशी कोणी वाकवला नाही. आम्ही कॅल्शियमची बाटली घेऊन घरी आलो. दोन महिने सकाळ-संध्याकाळ ती मी स्वतःच्या हाताने, मायेने, त्याच्या वाडग्यात ओतली. मोठ्या जातीच्या पिल्लाला पुरेसे सकस खाणे चालू असताना वरून कॅल्शियम ओतणे हाडांच्या वाढीला उलट बाधक ठरते, हे ज्या दिवशी मला कळले, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या डॉक्टर मला भेटल्या त्या योगायोगाने. आमच्या कॉलेजातल्या एका सहकारी बाईंच्या मांजराचे मोडलेले हाड त्यांनी बसवले होते. पशुवैद्यकातल्या शल्यविशारद, शिक्षण मुंबईचे, परळच्या महाविद्यालयातले. ते महाविद्यालय १८८६ सालचे. तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणजे मुख्यतः घोड्याबैलांचा डॉक्टर असे. आता तिथे शिकलेल्या एक बाई माझ्या कुत्र्याला जमिनीवर बसवून, स्वतःही मांडी घालून बसून, त्याचा एकेक सांधा शांतपणे वाकवून पाहात होत्या. पंजा झाला, मनगट झाले, खांदा झाला. मग त्यांनी कोपर पूर्ण दुमडून पंजा किंचित बाहेरच्या बाजूला वळवला आणि आतल्या बाजूला अंगठ्याने दाबले. मोत्याने मान वळवून त्यांच्या हातावर तोंड ठेवले. चावला नाही. फक्त ठेवले.

"इथं आहे," त्या म्हणाल्या.

कुत्र्याला कोपर असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. पुढच्या पायाचा छातीजवळचा जो सांधा, तो त्याचा कोपर. आपण कोपराला फारसा मान देत नाही. नको असलेल्या माणसाला आपण कोपरापासून नमस्कार करतो, आणि कोपराने करायची म्हणून जी गोष्ट भाषेत आहे ती कोपरखळी. पण कुत्र्याच्या अंगाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणजे बिचारा जन्मभर कोपरांवरच उभा असतो.

या सांध्यात तीन हाडे एकत्र येतात. वरून दंडाचे एक, खालून हाताची दोन. खालच्या दोहोंपैकी एकाला आतल्या बाजूने एक लहानसे टोक असते. त्याला वैद्यकात 'कोरोनॉइड' म्हणतात. नाव ग्रीक आणि त्याचा अर्थ कावळ्यासारखे, म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखे वाकडे. पिल्लू वाढत असताना ही दोन हाडे बरोबरीने वाढली नाहीत, किंवा सांध्यातला भार नीट वाटला गेला नाही, तर या चोचीवर नको तेवढा ताण येतो. तिला सूक्ष्म चिरा पडतात आणि कधी तिचा तुकडाच सुटतो. हा तुकडा चपलेत गेलेल्या खड्यासारखा सांध्यात बसतो आणि समोरच्या गुळगुळीत कूर्चेला खरडतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हे दुखणे विशेष. बहुधा पहिल्या वर्षातच दिसते, आणि पुष्कळदा दोन्ही कोपरांत असते. दोन्ही पाय दुखत असले की कुत्रा लंगडतही नाही धड. कोणत्या पायावर लंगडणार?

एक्स-रे काढला. त्यात ती चोच दिसेना. तिच्यावर शेजारच्या हाडाची सावली पडते. म्हणून सीटी स्कॅन केला. डाव्या कोपरात चीर दिसली. उजव्याबद्दल स्कॅनने संदिग्ध उत्तर दिले. बाई म्हणाल्या, "आत जाऊन पाहिल्याशिवाय खरं कळणार नाही. आर्थ्रोस्कोपी करू. सांध्याची दुर्बीण."

दुर्बीण! आमच्याकडे पोटाचे ऑपरेशन असो की गुडघ्याचे, छोट्या भोकातून केले की ते 'दुर्बिणीचे'. दूरचे पाहण्यासाठी जी निघाली तिला आपण अंगाच्या आतले, अगदी अर्ध्या बोटावरचे पाहायला लावले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हे चूक आहे. पण स्वतःच्या कोपरात काय चालले आहे, हे माणसाला शनीच्या कड्यांपेक्षा दूरचे असते, म्हणून मी वर्गात हा शब्द चुकीचा ठरवीत नाही.

या दुर्बिणीची कुळकथा मी त्या आठवड्यात वाचून काढली. चिंतेतली माणसे एक तर देवाचे करतात किंवा वाचतात. १९१२ साली बर्लिनच्या शल्यचिकित्सकांच्या परिषदेत नॉर्डेनटॉफ्ट नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी गुडघ्यात पाहण्याच्या एका नळीबद्दल सांगितले आणि या विद्येला नाव दिले. पण तिला खरा आश्रय मिळाला तो जपानात. तोक्योचे डॉक्टर केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायच्या दुर्बिणीने एका मृतदेहाचा गुडघा आतून पाहिला. त्यांना ही तळमळ का? तर त्या काळी गुडघ्याच्या क्षयाने माणसांचे गुडघे आखडून जात, आणि जपानी रीतीप्रमाणे जमिनीवर गुडघे दुमडून बसता येईना की माणूस चारचौघांतून उठल्यासारखा होई. क्षय लवकर ओळखता आला तर गुडघा वाचेल, एवढी त्यांची आशा होती. हे वाचून मी सासूबाईंकडे पाहिले. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही म्हणून ज्या गेली पाच-सहा वर्षे कोणाच्याही मंगळागौरीला गेल्या नाहीत, त्यांना ताकागींचे म्हणणे समजावून सांगावे लागले नाही.

ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी हे यंत्र कामाचे केले. त्यांची एकविसाव्या क्रमांकाची दुर्बीण प्रसिद्ध आहे. तिच्या टोकाला बारीकसा दिवा असे आणि तो कधीकधी सांध्यातच फुटे. मग डॉक्टरांनी काचा वेचायच्या. तरीही त्याच साधनाने वातानाबेंनी १९६२ साली गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा तुकडा दुर्बिणीतून पाहात काढून टाकला. पुढे कॅनडाचे डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन तोक्योला गेले, १९६४-६५ मध्ये हे शिकले आणि टोरोंटोला घेऊन आले. काचेच्या तंतूंतून उजेड नेण्याची युक्ती निघाल्यावर दिवा बाहेर राहिला आणि फुटायचे भय संपले.

जनावरांत हे आले ते आधी घोड्यांसाठी. शर्यतीच्या घोड्याच्या सांध्यातून हाडाचे टवके निघतात आणि सांधा उघडून ते काढायचे तर घोड्याची शर्यत बहुधा संपलीच. वेन मॅकइल्रेथ यांचे घोड्यांच्या सांध्यांच्या दुर्बिणीवरचे पुस्तक १९८४ सालचे. कुत्र्यांसंबंधी पहिले लेख १९७८ च्या सुमाराचे. पण कुत्र्याचे कोपर म्हणजे केवढे? त्यासाठी बारीक नळ्या लागल्या, आणि बारीक हात लागले. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात व्हान रायसेन आणि व्हान ब्रे यांनी १९९३ पासून कुत्र्यांच्या कोपरांवर जे काम केले, त्यातून ही वाट नीट रुळली. म्हणजे पाहा, मोत्याच्या कोपरापर्यंत ही विद्या यायला बर्लिन, तोक्यो, टोरोंटो आणि घोड्यांच्या पागा एवढा प्रवास लागला.

आता पैशांचे. आकडा सांगत नाही. एवढेच सांगते की गुढीपाडव्याला घराला रंग लावायचा म्हणून बाजूला ठेवलेली रक्कम स्कॅन आणि ऑपरेशनला पुरली, औषधांना थोडी कमी पडली. आमच्याकडे चहाला आलेल्या एका नातेवाईकांनी पोपडे आलेल्या भिंतींकडे पाहात विचारले, "माणसांना औषधं मिळत नाहीत, आणि कुत्र्याला दुर्बीण?" या प्रश्नाला मजजवळ चोख उत्तर नव्हते, आजही नाही. तो प्रश्न खोटा नाही. पण मोत्या आमच्या कॉटखाली होता आणि त्याला उतरताना दुखत होते. जगातला न्याय मी त्याच्या पायापासून सुरू केला असता तर चूक होती, की त्याच्या पायापाशी थांबवला असता तर, हे मला ठरवता आले नाही.

खरी अडचण पैशांची नव्हती. बाईंच्या स्पष्ट बोलण्याची होती. त्या म्हणाल्या, "सुटा तुकडा असेल तर काढते. त्यानं टोचणं थांबेल, तो बरा चालेल. पण सांधा नवा होणार नाही. पुढं संधिवात येणारच; किती आणि केव्हा, एवढाच प्रश्न. वजन तुमच्या हातात आहे, ते सांभाळलंत तर माझ्या कामाला अर्थ." ह्यांनी विचारले, "मग न केलं तर?" "काहींचं औषधांवर निभतं," त्या म्हणाल्या. "पण हा लहान आहे आणि तुकडा कूर्चा खरडतो आहे."

जो माणूस विकायला बसला आहे तो असे बोलत नाही. आम्ही होकार दिला.

तेवढ्यात घरात एक निराळेच प्रकरण उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "मग माझ्याही गुडघ्यात घाला की दुर्बीण! कुत्र्याला एक न्याय आणि मला एक?" बोलणे थट्टेचे होते, डोळे नव्हते. मी त्यांना त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी समजावून सांगितले की झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुऊन-घासून काही साधत नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रोग्यांवर याची परीक्षा झाली. काहींचा गुडघा आतून साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींना फक्त वरून छेद देऊन टाके घातले, आत काहीच केले नाही. दोन वर्षे पाहिले, तर तिन्ही गटांत फरक नाही! २००२ साली हे प्रसिद्ध झाले आणि डॉक्टरमंडळींत मोठी खळबळ उडाली. "तुमच्या कुत्र्याचा तुकडा सुटला आहे आजी, तुमची कूर्चा झिजली आहे. व्यायाम करा आणि पाच-सहा किलो वजन कमी करा," असे ते म्हणाले. सासूबाई रिक्षात बसताना म्हणाल्या, "म्हणजे त्याला नि मला पथ्य एकच."

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून मोत्याला उपाशी ठेवायचे होते. लॅब्रॅडॉरला उपाशी ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. त्याने रात्रभर वाडगा नाकाने ढकलीत घरभर फिरवला. सकाळी ह्यांनी आणि चिरंजीवांनी त्याला दोन बाजूंनी उचलून तीन मजले खाली आणले. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला अंगारा लावला. काळ्या कपाळावर तो फार उठून दिसत होता. दवाखान्यात पुसला गेला, पण पुसणाऱ्या मुलीने आधी मला विचारले, हे मी विसरणार नाही.

शस्त्रक्रियेच्या खोलीला काचेची खिडकी होती आणि आतला पडदा तिथून दिसत होता. मी पाहायचे नाही असे ठरवून गेले होते. पाहिले.

मोत्या आडवा, झोपलेला, दोन्ही पुढचे पाय भादरलेले. बाईंनी प्रथम एका सुईने कोपरात क्षाराचे निर्जंतुक पाणी भरले, म्हणजे सांधा फुगून हाडे थोडी दूर होतात आणि दुर्बिणीला जागा मिळते. मग आतल्या बाजूने बारीकसा छेद आणि त्यातून दुर्बीण. नळी २.४ मिलिमीटरची, आगकाडीहून किंचित जाड. तिची नजर सरळ नसते, ३० अंश तिरपी असते. नळी जागच्या जागी फिरवली की कोपऱ्यातलेही दिसते. दुसऱ्या भोकातून हत्यार, आणि तिसरीकडून पाणी वाहून जायला वाट. डोळा एकीकडे, हात दुसरीकडे आणि दोहोंची गाठ पडद्यावर. बाई मोत्याकडे पाहात नव्हत्या, पडद्याकडे पाहात होत्या.

आणि पडद्यावर काय दिसावे! पाण्याखालची एक पांढरी गुहा. एका बाजूला ओल्या खोबऱ्यासारखी गुळगुळीत, चमकदार कूर्चा. कडेने बारीक गुलाबी झिरमिळ्या पाण्याबरोबर डुलत होत्या. सांध्याचे आतले अस्तर सुजले की असे दिसते. नळी थोडी फिरली आणि ते टोक आले, कावळ्याची चोच. तिच्या टोकाशी एक पिवळसर खपली होती. बाईंनी हत्याराच्या आकड्याने तिला हळूच ढोसले, तर ती दाराच्या सैल कडीसारखी हलली. समोरच्या कूर्चेवर जुन्या धोतराच्या दशा निघाव्यात तसे तंतू सुटले होते. ते मात्र मला पाहवेना. दोन महिने मी कॅल्शियम ओतीत होते आणि आत हे चालले होते.

मी बाकावर जाऊन बसले. पुढचे बाईंनी नंतर चित्रफितीवर दाखवले. तुकडा चिमट्याने धरून काढला, मुळाशी हाड खरवडून साफ केले, पाण्याने धुतले. मग उजवे कोपर. स्कॅन जिथे अडखळला होता, तिथे दुर्बिणीने पाहिले तर कूर्चा थोडी मऊ पडलेली, पण चोच शाबूत. आकड्याने ढोसून पाहिले, हलली नाही. तिथे काही न करता बाई बाहेर आल्या. "पाहून परत यायचं, हेसुद्धा दुर्बिणीचंच काम," त्या म्हणाल्या. उघडून करायचे असते तर नुसते पाहण्यासाठी उजवा पाय कोणी कापला असता? दोन्ही पायांना मिळून चार-सहा टाके. डाव्या कोपराभोवती पाणी झिरपून सूज आली होती, ती दोन दिवसांत उतरली. तुकडा त्यांनी लहान बाटलीत घालून दिला. तांदळाच्या दोन कण्यांएवढा. एवढ्याशा वस्तूने तीस किलोचे जनावर लंगडत होते.

घरी आल्यावरचे सहा आठवडे मात्र कोणत्याही दुर्बिणीतून सोपे दिसणार नाहीत. उडी नाही, धावणे नाही, जिना नाही. फिरणे फक्त पट्ट्याला धरून, आधी पाच मिनिटे, मग दहा. तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून चार वेळा त्याला उचलून न्यायचे. पहिल्या आठवड्यात ह्यांची पाठ धरली. दुसऱ्या आठवड्यात ज्यांच्याशी आमचे पार्किंगवरून बोलणे बंद होते ते पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ एके सकाळी मुकाट्याने आले आणि मोत्याचे मागचे पाय धरले. त्यावर चर्चा झाली नाही. ते पुढे रोज येत गेले.

ह्यांनी एकदा स्वतःच्या पाठीची आयबुप्रोफेनची गोळी अर्धी करून मोत्यालाही द्यायचा घाट घातला होता. मी हात धरला म्हणून बरे. ही गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक असते. आणि पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाच्या डब्यातले औषध जनावराला देऊ नये, हे दाराच्या मागे लिहून ठेवण्यासारखे आहे. मोत्याला मिळाले ते बाईंनी मोजून दिलेले मेलॉक्सिकॅम. या औषधाची एक हकीकत आहे. पूर्वी गुरांना डायक्लोफेनॅक सर्रास देत. ती गुरे मेली की त्यांचे मांस खाऊन गिधाडे मरत. एवढी मेली की २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, आणि गिधाडांना निर्धोक म्हणून जे पुढे आले ते हे मेलॉक्सिकॅम. मोत्याची गोळी पोळीत दडवताना मला उगाच गिधाडे आठवत.

पोळीवरून आठवले. सगळ्यांत मोठे युद्ध झाले ते वजनाचे. सासूबाई रोज रात्री मोत्याला तूप लावलेली पोळी देत. मी हरकत घेतली तर म्हणाल्या, "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले होते. तू शिकवतेस ना कॉलेजात?" मी म्हटले, "आई, तो कुत्रा लॅब्रॅडॉर नव्हता." मग त्यांना एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढे खाणे, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला. जन्मभर. २००२ साली निष्कर्ष छापले गेले. पाऊणपट खाणारे सरासरीने १३ वर्षे जगले, बाकीचे ११.२ वर्षे, आणि सांध्यांचा संधिवातही त्यांना उशिरा गाठला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण तो बघतो ना माझ्याकडं!" यालाही शास्त्रात उत्तर आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले की सुमारे चारांतल्या एका लॅब्रॅडॉरच्या जनुकात असा एक दोष असतो की त्याला पोट भरल्याचे समाधान नीट होत नाही. म्हणजे तो बघतो ते खरे, आणि भूक लागली म्हणून बघतो तेही खरे. पण देऊ नये हेही खरेच.

तेव्हापासून पोळीची जागा काकडीने आणि गाजराने घेतली. मोत्या तीसचा सत्तावीसवर आला. सासूबाई चार किलोंनी उतरल्या, पण ते आम्ही मोत्याचे यश मानतो. कारण त्याला पट्टा धरून दहा मिनिटे हळूहळू चालवायला घरात एकच माणूस त्याच्या चालीचे होते.

मोत्या आता साडेतीन वर्षांचा आहे. पळतो. चेंडू मात्र आम्ही फेकीत नाही, घरंगळत सोडतो. पावसाळ्यात, किंवा आदल्या दिवशी फार दमला असला, तर सकाळची पहिली चार पावले अजून अवघडतात; डावा पाय टेकताना मान किंचित वर उडते. बाई वर्षातून एकदा कोपर वाकवून पाहतात, आणि दर वर्षी ते किंचित कमी वाकते. ती बाटली देव्हाऱ्याच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. तिथे ती कोणी ठेवली हे मी विचारले नाही. भिंतींना रंग या दिवाळीतही लागलेला नाही.

परवा फराळाचे चालले असताना जिन्यात चाहूल लागली म्हणून मी दार उघडून पाहिले. सासूबाई आणि मोत्या उतरत होते. त्यांची एक पायरी, त्याची एक पायरी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघेही थांबले होते.

"काय झालं?" मी वरून विचारले.

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या, "मला दम लागला तर तो थांबलाय माझ्यासाठी."

माझे डोळे भरून आले. त्याच्या निष्ठेबद्दल मी ह्यांना दोनदा सांगितले, चिरंजीवांना एकदा. आज सकाळी सासूबाईंचे लुगडे धुवायला घेतले तेव्हा पदराला गाठ होती, आणि गाठीत अर्धी चकली.